तापमानाचा काटा नेहमी मध्यावरच राहतो. वेगळा गेज बसवावा का?

मंदगती: माझ्या पेट्रोल गाडीत इंजिन गरम झाले की तापमानाचा काटा बरोबर मध्यावर येतो आणि चढण असो वा वाहतूककोंडी, तिथून तसूभरही हलत नाही. त्यावर कितपत विश्वास ठेवावा आणि वेगळा गेज घ्यायचा झाल्यास कोणता घ्यावा? खर्च कमीत कमी हवा. कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) मूळ होज, म्हणजे रबरी नळी, कापण्याची किंवा मूळ वायरिंगला हात लावण्याची माझी तयारी नाही.

तीन_गेज: कॅपिलरी नळीचा यांत्रिक गेज बसवा. नळीच्या टोकाला कूलंटमध्ये बुडालेला धातूचा बंद बल्ब असतो, त्यातील द्रव तापला की त्याच्या वाफेचा दाब नळीवाटे गेजमधल्या वक्र नळीला सरळ करू पाहतो आणि काटा फिरतो, त्यामुळे विजेशी काहीही संबंध येत नाही. होज कापून अडॅप्टर घालावा लागेल, पण ते काम एकदाच करायचे असते. मी सोबत ऑइलचा दाब आणि ऑइलचे तापमान दाखवणारे गेजही बसवले आहेत आणि तिन्ही फार देखणे दिसतात.

उष्मांक: ते होज कापणार नाहीत, असे त्यांनी आधीच लिहिले आहे. काटा स्थिर राहतो, कारण तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. सेन्सरमध्ये थर्मिस्टर असतो आणि तापमान वाढले की त्याचा रोध कमी होतो. त्यावरून ईसीयूला (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला) तापमान अंशाअंशाने कळते. परंतु काटा जरा हलला की चालक घाबरून तक्रार घेऊन येतात, म्हणून अनेक उत्पादक एका रुंद पट्ट्यात तो मध्यावरच धरून ठेवतात. माझ्या गाडीत ओबीडी रीडरवरचा (गाडीच्या निदान सॉकेटला जोडून ईसीयूतले आकडे दाखवणाऱ्या उपकरणावरचा) आकडा ८२ अंश सेल्सिअसवरून १०३ पर्यंत गेला, तरी काटा जागचा हलला नव्हता. ओबीडी रीडर घ्या, त्यासाठी काहीही कापावे लागत नाही.

जुनी_गाडी: पूर्वीच्या द्विधातू पट्टीच्या गेजमध्ये चढण लागली की काटा चढताना दिसायचा आणि चालक आपणहून वेग कमी करायचा. आता काटा हलेपर्यंत हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन मुख्य भागांमधले सील) जाण्याची वेळ आलेली असते.

तेलकट_हात: आकड्यावरही फार विसंबू नका. माझ्या गाडीचा होज फुटून कूलंट वाहून गेले तेव्हा काटा वर जाण्याऐवजी खाली आला, कारण सेन्सर द्रवात बुडालेला नसेल तर तो कोंडलेल्या हवेचे किंवा वाफेचे तापमान मोजतो. ओबीडी रीडर बहुधा त्याच सेन्सरचा आकडा दाखवतो, त्यामुळे तोही तितकाच फसला असता. हीटरमधून अचानक गार हवा येऊ लागली, तेव्हा मला संशय आला.

सरळमार्ग: इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि थर्मोस्टॅटच्या (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडणाऱ्या झडपेच्या) बाह्य आवरणावर धरा.

उष्मांक: चकचकीत ॲल्युमिनियमवर तो प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो. काळी टेप चिकटवून तिच्यावर मोजले तर ठीक. पण धावत्या गाडीत त्याचा काय उपयोग?

चक्रधर: ओबीडी रीडरच घ्या. शिवाय १०० अंश ओलांडले म्हणून घाबरू नका. कूलंट आणि पाणी समप्रमाणात असेल आणि झाकण दाब नीट धरत असेल, तर उत्कलनबिंदू १२० अंशांच्याही वर जातो. काटा मध्याच्या खाली राहत असता तर मी थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे का, ते आधी पाहायला सांगितले असते, कारण तशा वेळी इंजिन थंडच राहते आणि पेट्रोल जास्त जळते.

तीन_गेज: यांत्रिक गेजला यातले काहीच लागू होत नाही.

तेलकट_हात: लागू होते. कूलंट नसेल तर तुमचा बल्बही कोरडाच राहणार.

मंदगती: सर्वांचे आभार. मी यांपैकी काहीच घेत नाही. तेलकट_हात यांचा अनुभव वाचल्यावर तापमानापेक्षा कूलंटची पातळी घटल्याचे आधी कळणे मला महत्त्वाचे वाटू लागले, म्हणून एक्सपान्शन टाकीच्या (तापून फुगलेले कूलंट सामावणाऱ्या टाकीच्या) बाहेरून चिकटवायचा पातळी-सेन्सर आणि बझर घेतो आहे. त्याला वीज १२ व्होल्टच्या सॉकेटमधून देईन.

उष्मांक: मग तो किमान खुणेच्या किंचित वर लावा आणि टाकी आतून आधी स्वच्छ करा, भिंतीवर गाळाचा थर असला तर असे सेन्सर टाकी रिकामी असतानाही भरलेली दाखवू शकतात. ओबीडी रीडर तरीही घ्यावा, असे माझे मत कायम आहे.