पऱ्हाटीच्या पुरवठ्याची हमी किती टनांची द्यावी?

प्रश्न (राळेगाव, जि. यवतमाळ)
जैवइंधनाच्या एका प्रकल्पाने आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीकडे वर्षभर पऱ्हाटी (कापूस वेचून झाल्यावर उरलेली कपाशीची वाळलेली झाडे) पुरवण्याचा लेखी करार मागितला आहे. हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी धरली तर हिशेब सोपा वाटतो. परंतु पावसाचा नेम नाही आणि कोण किती दिवस फरदड (हंगाम संपल्यावरही कपाशी तशीच शेतात राखून घेतलेले पीक) ठेवील, हेही आधी कळत नाही. जोडीला तुऱ्हाट्या (तुरीची वाळलेली झाडे) घेतल्यास जोखीम कमी होईल का?

उत्तर १ (हिंगणघाट)
तुऱ्हाट्यांवर फार भिस्त ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे तूर बहुधा कपाशीतच आंतरपीक असते. त्यामुळे ज्या वर्षी पावसाने दगा दिला, त्या वर्षी दोन्ही एकदमच कमी पडतात. भंडारा-गोंदियाकडील धानाच्या तणसाचे गणित वेगळे आहे, पण मोकळे तणस इतक्या लांबून आणले तर वाहतुकीचाच खर्च अंगावर येतो.

हमी सरासरीवर देऊ नका. चांगले, मध्यम आणि वाईट अशी तीन वर्षे कल्पून प्रत्येकात गावागावांतून किती माल मिळेल ते मांडा, आणि वाईट वर्षातही हाती येईल तेवढ्याच मालाची पक्की हमी द्या. त्यावरचा माल 'उपलब्ध झाल्यास' या अटीवर ठेवावा व त्याचा भाव हंगामात ठरावा. आज करायचे करार आणि पाऊसमान कळल्यावर घ्यायचे निर्णय वेगळे ठेवले की तुटीचा दंड भरणे परवडेल की बाहेरून महाग माल घेणे, याची तुलना आधीच करता येते.

उत्तर २ (वणी)
वरील मताशी सहमत आहे. मात्र ओलाव्याचा मुद्दा राहिला. तीस टक्के ओलाव्याच्या शंभर टनांत कोरडा माल सत्तर टनच असतो, तर पंधरा टक्क्यांवर तो पंच्याऐंशी टन भरतो. म्हणून भाव कोरड्या वजनावर ठरवावा आणि मोजणी कोणाच्या काट्यावर होईल, तेही करारात लिहून घ्यावे.

फरदड ठेवलेल्या शेतातील पऱ्हाटी उशिरा निघते, शिवाय तिथे गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. जानेवारीअखेर शेत मोकळे करणाऱ्यास थोडा जादा भाव दिला तर दोन्ही गोष्टी साधतील. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदण रस्त्यांवर ट्रॅक्टर रुततो. तेव्हा मृगाआधीच माल डांबरी रस्त्यालगतच्या उंच जागेवर, ताडपत्रीखाली आला पाहिजे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनःपूर्वक आभार. चुलीसाठी आणि कुंपणासाठी घरोघरी ठेवली जाणारी पऱ्हाटीही वाईट वर्षाच्या आकड्यातून आधी वजा करतो, आणि उरेल त्यावरच हमीचा मसुदा पुढील सभेत मांडतो.