तातडीनं मदत: 'द डे ऑफ द जॅकल'मधली कुठली वीस मिनिटं कापू?

वसमतकर: शनिवारी आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये 'द डे ऑफ द जॅकल' दाखवायचाय. दोन तासांत बसवायचाय आणि तो बसत नाही. कुठला भाग काढला तर गोष्ट तुटणार नाही, तेवढं सांगा. कापायला सोपं ॲपही सुचवा. "कापू नका" हे ज्ञान कृपया नको, वेळ नाही.

जुनी_रीळ: कुठला जॅकल? १९७३ चा फ्रेड झिनेमनचा, का १९९७ चा ब्रूस विलिसवाला? फाईल किती मिनिटांची? बघणारे कोण? आणि दोनच तास कामून?

वसमतकर: १९७३ चाच, दुसरा कोण बघतं? बघणारे नेहमीचे.

डाळमिल: मी बघतो दुसरा. ब्रूस विलिसची ती रिमोटवरची मशीनगन लावा, एक माणूस झोपला तर सांगा.

जुनी_रीळ: त्या मशीनगननंच तर घात केला मालक. जुन्यातली बंदूक आठवा. सुटी केली की कुबडीच्या नळ्यांत मावते, आणि एका वेळी एकच गोळी. जेनोआचा तो म्हातारा कारागीर ती अशी दाखवतो, जशी काही लेकीच्या लग्नातली पाटलीच. मग हा गडी, म्हणजे भाडोत्री मारेकरी जॅकल, बाजारातून टरबूज घेतो, रानात झाडाला जाळीत टांगतो आणि स्क्रू फिरवत फिरवत नेम बसवतो. शेवटची गोळी स्फोटाची. टरबुजाचा पत्ताच नाही राहत. सगळ्या प्रसंगात एक शब्द नाही, मागं व्हायोलिन नाही. हा तुकडा कापलात तर मी स्वतः वसमतला येईन.

परभणी_ते_पॅरिस: सुरुवातीचा अर्धा तास उडवा. ओएएसवाले (अल्जेरिया सोडण्याविरुद्धची फ्रेंच गुप्त संघटना), त्यांचं बँका लुटणं, रोमच्या हॉटेलात लपून बसलेले अधिकारी. माईकवर दोन वाक्यांत सांगून टाका: अल्जेरिया सोडला म्हणून लष्करातले काही लोक फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्यावर खवळले, त्यांनी पाच लाख डॉलरला मारेकरी ठरवला. झालं.

अंबाजोगाईची_लेक: अहो, सुरुवातीचा हल्ला तर खरा घडलेला आहे! २२ ऑगस्ट १९६२, पॅरिसजवळचं पेती-क्लामार. द गॉल यांच्या गाडीवर गोळ्यांचा पाऊस पडला आणि नवरा-बायको दोघंही सुखरूप सुटले. कट करणाऱ्या बास्तियाँ-तिरीला मार्च १९६३ मध्ये गोळ्या घालून मारलं. ओएएसमधला प्रत्येक जण पोलिसांच्या दफ्तरात आहे, म्हणून बाहेरचा, कुणाच्याच यादीत नसलेला माणूस आणावा लागतो. तेच काढलं तर उरलं काय? त्यापेक्षा जॅकलला हॉटेलात भेटणारी ती कोलेट काढा. तसंही नेहमीच्या मंडळींत बायका-पोरं असतील तर...

वसमतकर: बायका आहेत. पोरं नाहीत. ती बाई काढली तर चालेल का मग?

परभणी_ते_पॅरिस: नाही चालत. तिचा खून होतो म्हणूनच तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला, लबेलला, उघडपणे शोध घेता येतो. तोवर सगळं गुपचूप चाललेलं असतं. खून ठेवून खोलीतला प्रसंग छाटा. दोनेक मिनिटं वाचतील.

सेवानिवृत्त_पेशकार: मंत्र्यांच्या बैठका काढा असं कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच लिहितो. हात लावू नका. आम्ही जन्मभर अशा बैठकांत फायली धरून उभे राहिलो. सगळे बडे साहेब एका टेबलाला, आणि काम कुणाच्या गळ्यात? तर झोप न झालेल्या, चुरगळलेल्या कोटातल्या लबेलच्या. बातमी बैठकीतूनच फुटतेय हे तो ओळखतो, भर सभेत टेप वाजवतो, आणि एक साहेब उठून निमूट निघून जातो. कुणाचा फोन ऐकायचा हे कसं कळलं, असं विचारल्यावर म्हणतो, कळलं नव्हतं, सगळ्यांचेच ऐकले. मायकेल लाँसडेलनं हे ज्या पडेल आवाजात म्हटलंय ते बघून आमचे एक जुने तहसीलदार आठवले. त्यांचाही किस्सा आहे, सवडीनं लिहितो.

गोदाकाठ: सवडीनं कशाला, आत्ताच लिहा! मला या सिनेमाची गंमत वाटते ती अशी, की द गॉल मरणार नाहीत हे तिकीट काढतानाच ठाऊक असतं. ते १९७० साली घरी वारले. तरी शेवटी तो एकपायी म्हातारा (जॅकलचंच सोंग) कुबडी टेकत पोलिसाला कागद दाखवतो तेव्हा आपण श्वास धरतो, आणि खरं सांगू, जॅकल सापडू नये असंही वाटतं. जॅकल झालेला एडवर्ड फॉक्स तेव्हा फारसा माहितीतला नट नव्हता, त्याचा उपयोग झाला. आपल्याकडे नारायणराव पवारांनी ४ डिसेंबर १९४७ ला निजामाच्या गाडीवर बॉम्ब टाकला. निजाम वाचला हे शाळकरी पोरालाही माहीत, पण आमचे आजोबा सांगायचे तेव्हा भाकरी हातातच राहायची. यावर कुणी असा सिनेमा का काढत नाही? आणि पदकं लावण्याचा तो समारंभ बघून १७ सप्टेंबरचं झेंडावंदन...

अंबाजोगाईची_लेक: दादा, वेगळा धागा काढा ना. त्यांचा शनिवार जवळ आलाय.

जुनी_रीळ: वसमतकर, माझे प्रश्न तसेच आहेत. फाईल किती मिनिटांची?

वसमतकर: १३७.

परभणी_ते_पॅरिस: मग तुमच्याकडं आधीच कापलेली प्रत आहे! मूळ १४३ मिनिटांचा आहे.

जुनी_रीळ: कापलेली नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो, युरोपातल्या टीव्हीसाठी तोच २५ नं पळवायचे. १४३ ला २४ नं गुणा, २५ नं भागा, १३७ येतात. काही गेलेलं नाही, माणसं जरा भरभर बोलतात इतकंच.

वसमतकर: अच्छा, म्हणून सबटायटल मागं राहायलेत का? मित्रानं मराठीत केलेत. सुरुवातीला बरोबर येतात, शेवटी पार मागं.

जुनी_रीळ: सबटायटल आहेत हे आत्ता सांगताय! ते १४३ च्या प्रतीवर बेतलेले असणार. 'सबटायटल एडिट' फुकट मिळतं, त्यात फ्रेम रेट २३.९७६ (म्हणजे जवळपास २४च) वरून २५ करा. आणि मधनं एक तुकडा जरी कापलात तरी त्याच्या पुढची प्रत्येक ओळ परत सरकवावी लागेल. सात तुकडे कापले तर सात वेळा. बसा मग शनिवारपर्यंत.

डाळमिल: दोन तासांचं कारण काय ते अजून सांगितलंच नाही.

वसमतकर: हॉलची किल्ली शिपाई मामांकडं. नऊला त्यांची शेवटची एसटी. आणि सातच्या आत लावता येत नाही, पश्चिमेच्या खिडक्यांतून उजेड थेट पडद्यावर येतो.

सेवानिवृत्त_पेशकार: मामांना स्कूटरवर सोडा.

वसमतकर: गाव लांब आहे सर, रस्ता खोदून ठेवलाय.

डाळमिल: मग सिनेमा कापायला कामून लागलात? खिडक्या झाका की! मोंढ्यात बारदाना पडलाय माझा. दुहेरी लावला तर दुपारी बाराला अंधार करून दाखवतो. सव्वासहाला सुरू करा, साडेआठला मामा मोकळे.

परभणी_ते_पॅरिस: वसमतचा बारदाना म्हणजे हळदीचा असणार. शेवटच्या गोळीला सगळा हॉल शिंकेल.

डाळमिल: तुरीचा आहे. झटकून आणतो. पण त्या ब्रूस विलिसला एकदा चान्स द्या राव.

अंबाजोगाईची_लेक: पंखे चालू ठेवा, खिडक्या बंद म्हणजे उकडेल. आणि कोलेटचं काय ठरलं?

वसमतकर: राहू दे तिला. आई तेवढ्यात चहा बघायला उठेल. डाळमिल दादा, खिडक्या चार आहेत, माझ्याहून उंच. शुक्रवारी संध्याकाळी येता का? खिळे ठोकू देत नाहीत.

डाळमिल: येतो. सुतळी आन् दाभण माझ्याकडं, शिडी तुमची.