फ्लेम स्कॅलॉप पाच आठवड्यांत मलूल झालाय, उपाशी मरायलाय का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, लातूरहून लिहितोय. इथून समुद्र लै लांब, पण अडीच वर्षांपासून घरात खाऱ्या पाण्याचा टँक आहे, २०० लिटरचा. दोन क्लाउनफिश, थोडे सॉफ्ट कोरल, एक क्लीनर श्रिंप, सगळे मजेत आहेत. अडचण शिंपल्याची आहे.

फ्लेम स्कॅलॉप आणलाय, लाल मांसाचा, कडेनं लाल-पांढरे धागे हलत असतात तो (नाव स्कॅलॉप असलं तरी तो खरा स्कॅलॉप नाही, फाइल क्लॅम आहे, हे मला नंतर कळलं). दुकानदार म्हणला लै सोपा जीव आहे, फायटोची (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळाची) बाटली घ्या, दिवसाआड एक झाकण टाका, बास. तसंच केलं आणि गेल्या वर्षी पहिला सात आठवड्यांत गेला. काढून बघितलं तर आत बोटाच्या पेराएवढं मांस उरलेलं, बाकी शिंपला मोकळा. आपण त्याला उपाशी मारलं हे तेव्हापासून मनातून जात नाही.

आता हा दुसरा. पहिले तीन आठवडे काचेवर हाताची सावली पडली की पटकन मिटायचा. आता सावली पडून दोन-तीन सेकंद झाले की मग सावकाश मिटतो, ते पण पूर्ण नाही, काडेपेटीतली काडी जाईल एवढी फट राहते. धागे आखडलेत, लाल रंग पण विटल्यासारखा दिसायलाय.

पाणी सांगतो. खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २५-२६ (चिलर लावलाय, मे महिन्यात इथं बाहेर ४१-४२ असतं), अमोनिया शून्य, नायट्रेट १०, कॅल्शियम ४२०, अल्कलिनिटी ८.५, मॅग्नेशियम १३००. तांब्याचं औषध टँकमध्ये कधीच टाकलं नाही. बोअरचं पाणी आरओ-डीआय फिल्टरमधून काढून टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य करून घेतो, पण एक लिटरमागं तीनेक लिटर पाणी वाया जातं आणि २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे गाव, इथं पाणी सांडलं की जीव तुटतो. आई ते पाणी फरशीला अन् भांड्याला वापरते. तरी महिन्यातून दोनदाच २०-२० लिटर बदलणं होतं, ते कमी पडतंय का?

सध्या सकाळ-संध्याकाळ ५-५ मिली नॅनोक्लोरोप्सिस (फायटोचाच एक प्रकार) ड्रॉपरनं अगदी त्याच्या तोंडाशी सोडतो, अर्धा तास स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद ठेवतो. दहा मिनिटांत कडेनं शेंबडासारखे हिरवट-पांढरे दोरे बाहेर टाकतो. खायलाय का थुंकायलाय तेच कळंना. कुणी वर्षभर तरी जगवलाय का हा? कसा?

खारंपाणी (संभाजीनगर):
भाऊ, ते दोरे म्हणजे विष्ठा नाही. एकदम जास्त कण अंगावर आले की शिंपले ते चिकट स्रावात गुंडाळून पोटात न घेताच बाहेर टाकतात. म्हणजे तुम्ही एका वेळी जास्त देताय आणि बाकी दिवसभर काहीच नाही. यांना जेवणाच्या वेळा नसतात, दिवसरात्र पाणी गाळत राहायचं हाच त्यांचा धंदा. ड्रॉपर बंद करा, तेवढाच फायटो पातळ करून थेंब-थेंब दिवसभर जाऊ द्या. नॅनोक्लोरोप्सिस लै बारीक, २-३ मायक्रॉनचा, कवच पण जाड, नुसत्या त्याच्यावर भागत नाही, आयसोक्रायसिस आणि टेट्रासेल्मिस हे दुसरे फायटो सोबत द्या. पाण्याला यूव्ही दिवा असेल तर बंद, बारीक स्पंज असेल तर काढा, आपण खायला टाकायचं अन् त्यानं गाळून घ्यायचं असं होतं. पाण्याचे आकडे बरे आहेत, माझा संशय भुकेवरच आहे.

खात्री करायची तर दोन बादल्या घ्या, दोन्हीत टँकचंच पाणी, सारखाच फायटो, फिका हिरवा रंग येईल एवढाच, आणि एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा). एकीत शिंपला ठेवा, दुसरी तशीच, कारण कण नुसते खाली बसले तरी पाणी निवळतं. दोन तासांनी फरक बघा. ओढून काढू नका मात्र, तो स्वतःच्या चिवट तंतूंनी दगडाला चिकटलेला असतो, ते तुटले की आणखी अशक्त होतो, दगडासकट उचला.

धागाकर्ता:
दादा, काल संध्याकाळी केलं. यूव्ही नाही, पण सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) बारीक फिल्टर फ्लॉस, म्हणजे गाळणीचा कापूस होता, तो काढला. दोन तासांनी दोन्ही बादल्यांत टॉर्च मारली, मोकळ्या बादलीत पाणी हिरवंच, शिंपल्याच्या बादलीत तळाचा दगड साफ दिसायला. खातोय! पाण्यात सोडल्यावर पाऊण तास धागे पूर्ण पसरून होता, असं दहा दिवसांत बघितलं नव्हतं. सलाइनची जुनी नळी धुऊन बाटलीला जोडलीय, बाटलीत एअरस्टोन सोडलाय म्हणजे कण खाली बसणार नाहीत, आज सकाळपासून थेंब चालू आहे. मेलेल्या फायटोच्या बाटल्या आणून परवडणार नाही, घरी जिवंत वाढवायचाय. नांदेड, परभणी, संभाजीनगर भागात कुणाकडं आयसोक्रायसिसचं विरजण मिळेल का, अर्धा लिटर जरी दिलं तरी मी स्वतः येऊन नेतो.