मदत हवी आहे: गोठ्याच्या लाकडाला चिडाचं डांबर चालेल का?

यवतमाळकडे आमच्या गोठ्याचे सागवानी खांब आणि बाभळीचं फाटक उघड्यावर आहे. वरून मे महिन्याचं ऊन, खालून उधई. जळकं ऑइल लावायचो, पण गुरं खांब चाटतात, म्हणून ते नको.

नॉर्वेतल्या जुन्या लाकडी चर्चना शतकानुशतकं पाइनचं, म्हणजे चिडाच्या लाकडातून काढलेलं डांबर लावतात. रस्त्याचं नव्हे. त्यात जवसाचं तेलही मिसळता येतं. तेल तर आपल्या घाण्यावर मिळते. हे डांबर कुठं मिळेल? निम्मं-निम्मं घ्यावं का? ४५ अंशांच्या उन्हात पाघळून बैलांच्या अंगाला लागेल का? आणि जमिनीतल्या बुडाशी उधईसाठी याच्यावर भरवसा ठेवावा, की तिथं वेगळं काही करावं? कोणी वापरलं असेल तर सांगा.

बिब्ब्याचं तेल सुचवू नका, आमच्या घरात ते सगळ्यांना उतते.