निळ्या बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइलच्या पट्ट्याला स्टड लावावेत का?

सडेकर

वास्कोच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र असल्यामुळे अंटार्क्टिकाच्या मोहिमांत वाहने सांभाळून आलेली माणसे आपल्याला गोव्यात भेटतात आणि स्नोमोबाइलच्या, म्हणजे पुढे स्की आणि मागे फिरता पट्टा असलेल्या हिमगाडीच्या, रबरी पट्ट्याला कार्बाइड या अतिशय कठीण धातुसंयुगाच्या टोकाचे स्टड, म्हणजे अणकुचीदार खिळे, लावावेत की नाही, हा वाद त्यांच्यात हटकून निघतो. माझे मत असे आहे की अंटार्क्टिकातील 'मैत्री' या भारतीय संशोधन स्थानकाच्या परिसरात काम करणाऱ्या गाडीला ते लावलेच पाहिजेत. ते स्थानक ज्या बर्फमुक्त खडकाळ पट्ट्यात आहे, त्या शिर्माकर ओएसिसच्या दक्षिणेकडे वाऱ्याने भुसभुशीत हिम झाडून नेलेले असते आणि खालचा कठीण निळा बर्फ उघडा पडलेला असतो. त्यावर रबराचे दात रुतत नाहीत. मोकळी गाडी एक वेळ सावरता येते. परंतु मागे सामानाने भरलेली स्लेज जोडलेली असेल आणि उतार लागला, तर ब्रेक दाबताच पट्टा फिरायचा थांबतो, गाडी मात्र घसरतच राहते आणि स्लेज तिला मागून ढकलून आडवी करते. स्टड वेगासाठी असतात, असे अनेकांना वाटते. मला ते थांबण्यासाठी हवे आहेत.

निवड करताना लांबीकडे आधी पाहावे. स्टडचे टोक पट्ट्याच्या दातापेक्षा पाव ते तीन अष्टमांश इंच वर राहिले की पुरे. त्याहून लांब स्टड वाकतो आणि भोवतालचे रबर उचकटतो. ९६, १४४ आणि १९२ अशा संख्या प्रचलित आहेत आणि एका अश्वशक्तीमागे एक स्टड असा ढोबळ हिशेब सांगितला जातो. ओझे ओढणाऱ्या, बेताच्या ताकदीच्या गाडीला मधल्या पट्टीत ९६ स्टड पुरतात. ते एका रेषेत मात्र लावू नयेत, कारण पुढच्या स्टडने कोरलेल्या चरीतच मागचा पडला, तर त्याला पकड मिळत नाही.

दाबोळीकर

सडेकरबाब, थांबण्याचा आपला मुद्दा मोलाचा आहे, परंतु गाडीची वाट निळ्या बर्फावर संपत नाही, हे आपण विचारात घेतलेले नाही. १९८९ साली सुरू झालेले मैत्री स्थानक खडकावर उभे आहे आणि बर्फाच्या कडेला हिमनदीने आणून टाकलेले दगडगोटे पसरलेले असतात. कार्बाइड कठीण असते, पण तितकेच ठिसूळही असते. दगडावर त्याचा टवका उडतो. त्याहून वाईट म्हणजे स्टड दगडात अडकला की तो तरफेसारखा कलतो, स्टडला आधार देणारी बॅकर प्लेट ही चकती रबरात रुतते आणि बोल्टच्या भोकापासून पट्टा चिरत जातो. ९६ स्टड म्हणजे पट्ट्याला पाडलेली ९६ भोके. पट्टा तुटला, तर थंडीने कडक झालेले ते रबर उघड्यावर बदलत बसावे लागते.

दुसरे असे की शिर्माकरच्या खडकांवर शेवाळ आणि दगडफूल अतिशय सावकाश वाढते. १९९१ च्या माद्रिद कराराने तिथल्या पर्यावरणाचे रक्षण बंधनकारक केले आहे आणि २०२२ साली आपल्या देशानेही अंटार्क्टिकासाठी कायदा केला. जिथे रबराचीही झीज नको, तिथे लांब कार्बाइड टोके नेणे मला पटत नाही. दातांच्या टोकांत कारखान्यातच बारीक कार्बाइड बसवलेले पट्टे मिळतात. त्यांना भोक पाडावे लागत नाही. मी तेच निवडीन.

कुडचडेची वाचक

आपण दोघेही पट्ट्याबद्दलच बोलत आहात. मागचा पट्टा बर्फ घट्ट धरत असेल आणि पुढच्या स्कीखाली बोथट पट्ट्या असतील, तर हँडल वळवले तरी गाडी सरळच जाते. स्टड लावण्याचे ठरले, तर स्कीखालच्या धावांनाही त्याच मानाने जास्त कार्बाइड हवे. हा खर्च आणि ही जोडणी एकाच वेळी झाली पाहिजे. त्या तयारीसह मी सडेकरांच्या बाजूने आहे.

सडेकर

स्कीचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. दाबोळीकरांना मात्र माझे उत्तर असे की कारखान्यात बसवलेली बारीक टोके मोकळ्या गाडीला आधार देतात, पण भरलेली स्लेज उतारावर रोखण्याइतकी ती खोल जात नाहीत. राहिला खडक. गाडी बर्फाच्या कडेला उभी करावी आणि सामान तिथून पुढे हातांनी न्यावे. दगडगोट्यांवर स्नोमोबाइल चालवणे स्टड नसतानाही चूकच आहे, कारण पट्ट्याच्या आतल्या बाजूला टेकणाऱ्या प्लास्टिकच्या सरकपट्ट्यांना हिमाचा ओलावा मिळाला नाही, तर त्या तापून वितळतात. त्या शेवाळाचे रक्षण गाडी तिथवर न नेण्यानेच होईल.

दाबोळीकर

सरकपट्ट्यांची आठवण आपण केलीत, तर तोच धागा पुढे नेतो. निळ्या बर्फावरही भुसभुशीत हिम नसतेच. द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनाची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीट एक्स्चेंजरवर पट्ट्याने उडवलेले हिम पडावे लागते, म्हणून त्या पृष्ठभागावर बर्फ खरवडणारे स्क्रॅचर स्टडच्याही आधी लावायला हवेत. शिवाय हा एक्स्चेंजर टनेलमध्ये, म्हणजे पट्ट्यावरच्या धातूच्या आच्छादनात, पट्ट्याच्या अगदी वर असतो. स्टडची टोके त्याला घासू नयेत म्हणून टनेलमध्ये संरक्षक पट्ट्या बसवाव्या लागतात. त्या विसरल्या गेल्या, तर एका उसळीत शीतकद्रव गळून जातो आणि इंजिन बंद पडते. कडेला गाडी उभी करण्याचा नियम कागदावर उत्तम आहे, परंतु वादळ जवळ आले असताना दमलेली माणसे सामान खांद्यावर घेऊन दगडांतून चालतील, यावर मी यंत्राची निवड सोपवणार नाही. मागून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर सुटलेला स्टड गोळीसारखा येऊ शकतो, तेव्हा ज्यांना ते लावायचेच आहेत त्यांनी पहिल्या फेरीनंतर प्रत्येक नट पुन्हा आवळावा आणि एक जरी स्टड हललेला दिसला, तरी गाडी त्या दिवशी बाहेर काढू नये.