"धरणं आमची, पाणी आमचं" हे एकदा तपासूनच घेऊ

शेवटची_चारी
परवाच्या पोस्टमध्ये लिहिलंय, "जायकवाडीला पाणी सोडणं म्हणजे नाशिक-नगरच्या शेतकऱ्याच्या ताटातलं ओढून मराठवाड्याच्या उसाला घालणं. धरणं आमची, पाणी आमचं." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

जायकवाडी म्हणजे पैठणचं गोदावरीवरचं धरण, नाशिक-नगरची धरणं त्याच्या वरच्या अंगाला. ही सगळी धरणं सरकारी पैशातून झाली. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातलं कलम १२(६)(ग) सांगतं की टंचाईच्या वर्षी तूट खोऱ्यातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायची. सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाचा आदेश झाला, सप्टेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं. तेही दरवर्षी नाही. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या आत असेल तरच वरून सोडायचं. म्हणजे साधारण ७६ टीएमसीपैकी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) ५० सुद्धा नसतील तेव्हा.

आणि तेव्हाही वेळेवर येतं का? २०२३ ला ८.६ टीएमसीचा आदेश ऑक्टोबरअखेर निघाला, मग आंदोलनं, मग कोर्ट. पाणी नदीत पडेपर्यंत नोव्हेंबर संपत आला. हरभरा आवर्तनाची, म्हणजे कालव्याच्या पाळीची, वाट बघत थांबतो का?

२०१३ च्या उन्हाळ्यात वडिलांनी लावलेली मोसंबीची बाग आम्ही कुऱ्हाडीने तोडली. टँकरचं पाणी आळ्यात ओतून ओतून शेवटी झाडांनी सालं सोडली होती. जळणाच्या भावात लाकूड गेलं. आम्हाला कोणी ताटातलं वाढलेलं नाही.

दारणाकाठ
मोसंबीचं वाचून वाईट वाटलं, खोटं बोलत नाही. पण आमचंही ऐका. दारणा १९१६ चं धरण, भंडारदरा १९२६ चं. तुमचं जायकवाडी १९७६ ला उभं राहिलं. आजोबांच्या काळापासून ब्लॉकचं, म्हणजे ठरलेल्या क्षेत्राला मंजूर झालेलं, पाणी होतं, त्यावर घरं उभी राहिली. ते एका आदेशाने कमी करायचं आणि वर आम्हालाच स्वार्थी म्हणायचं?

सोडतात कसं तेही बघायला या. कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात, काठावरच्या मोटारींची वीज तोडतात. नदी दुथडी वाहते, मोटार बंद, आणि बांधावरून दिसणारा कांदा माना टाकतो. पाणीमागणीचा सात नंबरचा फॉर्म भरून मंजुरी मिळालेली असते, तरी आवर्तन रद्द. हे सगळं कशासाठी, तर खाली साखर कारखाने आणि एमआयडीसीतले दारूचे कारखाने चालावेत म्हणून.

बांधावरून
लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी न्यावं लागलं, विसरलात का? माणसं तहानलेली असताना कांदा सांगता?

दारणाकाठ
लातूर मांजरा नदीवर आहे हो. जायकवाडी काठोकाठ भरलं असतं तरी त्या वेळी लातूरच्या नळाला थेंब आला नसता. निदान नदी तरी बघून बोला.

शेवटची_चारी
@बांधावरून, लातूरचं उदाहरण चुकीचं आहे, त्याने आपलीच बाजू पडते. पण छत्रपती संभाजीनगर आणि जालना या शहरांचं पिण्याचं पाणी जायकवाडीतूनच येतं, आणि दुष्काळात मृतसाठ्यातून, म्हणजे धरणाच्या तळातून, उपसायची वेळ आलेली आहे. त्यावर बोला.

जलदगती_लाभधारक
दोघांच्या भांडणात आमचं नाव कोणीच घेत नाही. आम्ही वैजापूरचे. जिल्हा मराठवाड्यातला, पण पाणी नाशिक जिल्ह्यातल्या मुकणे, भावली, भाम, वाकीचं, नांदूर मधमेश्वरच्या जलदगती कालव्यातून. वरून जायकवाडीला सोडलं की आमच्याही वाट्यावर गदा येते. सांगा, आम्ही पाणी पळवणारे की ज्यांचं पळवलं ते? नाशिकच्या मोर्चात आम्हाला जागा नाही, मराठवाड्याच्या मोर्चात आम्ही गेलो तर आमचंच नुकसान.

पाटावरचा_माणूस
मी कालव्यावर नोकरी केली, आता निवृत्त आहे. धरणाच्या दारातून किती सुटलं ते सगळे सांगतात, पैठणला किती पोहोचलं ते विचारा. वाळूउपशाने नदीत खड्डे पडलेत, आधी ते भरतात. कोरड्या पात्रात मुरतं ते वेगळं. आणि जायकवाडी उथळ, पसरट जलाशय, उन्हाळ्यात बाष्पीभवन प्रचंड. हे काही चळवळीचे मुद्दे नाहीत, हिशेबाचे आहेत.

शेवटची_चारी
म्हणून सोडायचंच नाही? नदीत मुरतं म्हणून खालच्याने कोरडं राहायचं? उशिरा, तापल्या पात्रात सोडता म्हणून जास्त मुरतं. १५ ऑक्टोबरला आकडे ठरतात, मग पात्र ओलं आहे तोवरच सोडा.

पाटावरचा_माणूस
लवकर सोडण्याचा मुद्दा बरोबर आहे, एवढं मान्य. पण जायकवाडीच्या डाव्या कालव्याची लांबी २०८ किमी. ज्या वर्षी धरण भरलेलं असतं, त्या वर्षी तरी शेवटच्या चारीला पाणी मिळतं का?

शेवटची_चारी
नाही मिळत. नाव उगाच घेतलेलं नाही. कालव्याच्या वरच्या मोघ्यांवर (चारीत पाणी सोडायच्या तोंडांवर) ऊस उभा आहे, पाइप टाकून रात्रीतून उचलतात. तक्रार दिली की पाटकरी म्हणतो, दादा, मी एकटा कुठे कुठे बघू. पण याचा फायदा घेऊन नाशिकवाल्यांनी वाटा नाकारू नये.

दारणाकाठ
शेवटी उसावर आलात! हेच तर आम्ही म्हणतोय.

जलदगती_लाभधारक
ऊस काय फक्त पैठणच्या खाली आहे? नगर जिल्ह्यात प्रवरेच्या कालव्यांवर काय पिकतं? आधी आपल्या अंगणातला मोजा.

दारणाकाठ
प्रवरेचा ऊस शंभर वर्षांचा आहे, कालवेच त्यासाठी...

बांधावरून
म्हणजे जुना ऊस पवित्र आणि नवा ऊस पापी? माझ्याकडे तीन एकर ऊस आहे, लपवत नाही. तूर विकायला गेलो की खरेदी केंद्र बंद, सोयाबीनला भाव नाही. कारखाना निदान एफआरपीने, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराने, उचलतो. कर्ज फिटलं ते उसाने. मला ऊस सोडा म्हणणाऱ्याने आधी तूर हमीभावाने उचलायची हमी द्यावी.

पाटावरचा_माणूस
हमीभावाचं खरं आहे. पण पाणी हेक्टरवर मोजतो तोवर कोणीच कमी वापरणार नाही. दिंडोरीच्या वाघाडला पाणी वापर संस्थांना घनमापनाने, म्हणजे पाणी मोजून, मिळतं, वाटप शेतकरीच करतात, आणि टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यालाही पोहोचतं. ते नाशिक जिल्ह्यातच आहे, दारणाकाठ. तिथे द्राक्ष पिकतात, ठिबकवर.

दारणाकाठ
वाघाड छोटा प्रकल्प आहे, सगळीकडे लागू होणार नाही. तरी ठीक, घनमापन आमच्याकडे आलं तर विरोध करणार नाही. पण मग जायकवाडीच्या दोन्ही कालव्यांवरही तेच लावा, पैठणपासून शेवटच्या चारीपर्यंत. तिथे मोजमाप नसताना आमच्या धरणांची दारं उघडायची, हे मी मानणार नाही.

शेवटची_चारी
मोघ्यावर मीटर बसवायला माझी हरकत असेल असं वाटलं का? पहिला माझ्याच चारीवर बसवा. पण तो बसेपर्यंत ६५ ची अट खाली आणायची भाषा करू नका. मीटरला दहा वर्षं लागली तर आम्ही दहा वर्षं काय प्यायचं?

जलदगती_लाभधारक
आणि आमचा वाटा कोणाच्या खात्यात धरायचा, हे अजून कोणीच सांगितलं नाही.