डिस्प्ले दुरुस्तीचा ठरावीक दर मान्य करावा का?

प्रश्न (वागळे इस्टेट, ठाणे)

नमस्कार. आमचे पाउच पॅकिंगचे छोटे युनिट आहे. मशीनचा दहा इंची टच डिस्प्ले आठवड्यापूर्वी काळा पडला. अंदाजाने बोट ठेवले तर मशीन चालते, पण सीलिंगचे तापमान दिसत नसल्यामुळे माल वाया जातो आहे. एका दुरुस्तीवाल्यांनी, बिघाड कोणताही निघो, 8,500 रुपये अधिक जीएसटी असा दर सांगितला. दुसरे म्हणतात, 700 रुपये तपासणीचे द्या, उघडल्यावर आकडा सांगू. दोन वर्षांपूर्वी अशाच ‘उघडल्यावर सांगू’मध्ये आमचे बिल तीनदा वाढले आणि डिस्प्ले महिनाभरात पुन्हा बंद पडला, म्हणून आता ठरावीक दराकडे ओढा आहे. पण आत एखादा कपॅसिटरच (वीज साठवणारा छोटा सुटा भाग) गेलेला असेल, तर एवढे पैसे देणे योग्य आहे का?

उत्तर 1 (दुरुस्ती व्यवसाय, रबाळे)

ठरावीक दर हा सुट्या भागाचा नसतो, सरासरीचा असतो. फुगलेला कपॅसिटर तासाभरात बदलतो. पण जुन्या डिस्प्लेतील बॅकलाइटची, म्हणजे पडद्यामागून उजेड देणाऱ्या दिव्याची, सीसीएफएल ट्यूब गेली असेल, तर पॅनेल पूर्ण उघडून पेन्सिलीच्या शिशासारखी बारीक काचेची नळी न फोडता काढावी लागते आणि त्यात अख्खा दिवस जातो. सोप्या कामातले जास्तीचे पैसे असे अवघड काम भरून काढतात. म्हणूनच अवघड काम निघाल्यावर जो वाढीव पैसे मागतो, त्याचा दर ठरावीक म्हणता येणार नाही.

डिस्प्ले दुरुस्तीला देण्याआधी एक करा. अंधारात डिस्प्ले चालू ठेवून त्यावर टॉर्च तिरका धरा. पुसट अक्षरे दिसली, तर एलसीडी (अक्षरे उमटवणारा पडदा) शाबूत असून बॅकलाइट किंवा त्याला वीज पुरवणारा भाग गेला आहे, असे बहुतेक वेळा निघते. मग फक्त त्या कामाचा दर विचारा. पॅनेलची काच तडकली असेल, तर मात्र दुरुस्ती नाही, पॅनेलच बदलावे लागते.

उत्तर 2 (देखभाल विभाग, महापे)

वरील सल्ला पटतो, तरी तपासणीचे पैसे मागणाऱ्याला लगेच नाकारू नये. ती रक्कम अंतिम बिलातून वजा होणार असेल आणि तुमच्या लेखी होकाराशिवाय काम पुढे जाणार नसेल, तर तोही व्यवहार चोख आहे. मला दरापेक्षा हमीची भाषा महत्त्वाची वाटते. हमी फक्त बदललेल्या भागाची आहे की पूर्ण डिस्प्लेची, आणि दुरुस्ती झाली नाही तर काय आकारणार, हे कोटेशनवरच लिहून घ्या. जीएसटी नोंदणी असेल, तर पक्क्या बिलावर 18 टक्के जीएसटीचे क्रेडिटही मिळते, म्हणजे तेवढा कर तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो.

सगळ्यात आधी प्रोग्रॅमचा बॅकअप पाहा. काही जुन्या डिस्प्लेत प्रोग्रॅम बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असतो. बॅटरी निघाली की तो पुसला जातो आणि मग उजळलेला पडदाही निरुपयोगी ठरतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री शटर ओढून टॉर्च धरला, तेव्हा कोपऱ्यात तापमानाचा 140 हा आकडा पुसट पण स्पष्ट वाचता आला. ठरावीक दरवाल्यांना हे कळवल्यावर त्यांनी फक्त बॅकलाइटचे 5,200 रुपये आणि पूर्ण डिस्प्लेची सहा महिन्यांची हमी लेखी द्यायचे मान्य केले. बॅकअपसाठी मशीन बनवणाऱ्यांकडे विचारणा केली आहे. तो हाती आल्याशिवाय डिस्प्ले पाठवणार नाही.